क्लेम अडतो तो शब्दावर: आरोग्य विम्याच्या व्याख्या कागदोपत्री कशा सांभाळायच्या

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी महिन्यातून दोन-तीन जण तरी क्लेम नाकारल्याचं पत्र घेऊन येतात. कोणी तासगावचं, कोणी विट्याचं, कोणी कराडहून नातेवाइकांच्या ओळखीनं. पत्र वाचलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. 'अ‍ॅडमिट', 'हॉस्पिटल', 'जुना आजार', 'रूम' हे शब्द माणसानं घरच्या अर्थानं घेतलेले असतात, आणि पॉलिसीत त्याच शब्दांचा अर्थ मोजूनमापून लिहिलेला असतो. क्लेम पास होतो किंवा अडतो तो त्या लिहिलेल्या अर्थावर.

यातल्या बहुतेक व्याख्या कंपनीनं स्वतः रचलेल्या नसतात. विमा नियामक आयआरडीएआयनं त्या सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या ठरवून दिल्या आहेत. म्हणून एकदा नीट समजून घेतल्या की कंपनी बदलली तरी उपयोगी पडतात. रूमची मर्यादा, को-पेचा (मान्य रकमेतल्या तुमच्या वाट्याचा) टक्का, ठरावीक आजारांच्या खर्चावर घातलेल्या कमाल रकमेचे, म्हणजे उपमर्यादेचे, आकडे मात्र प्रत्येक पॉलिसीत वेगळे. खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. दाखल झाल्यावर पहिला टप्पा आठवून उपयोग होत नाही.

## टप्पा १: चार कागद एकत्र करा

पॉलिसी शेड्यूल, ग्राहक माहिती पत्रक, नियम-अटींची पूर्ण पुस्तिका आणि तुम्ही सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत. पहिले तीन बहुतेकांकडे कुठंतरी ईमेलमध्ये पडलेले असतात. चौथा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो आणि भांडण होतं ते नेमकं त्याच्यावर. कंपनीला लेखी मागा, मिळतो.

पुस्तिकेत 'डेफिनिशन्स' नावाचा भाग असतो. तो प्रिंट काढून घ्या. ग्राहक माहिती पत्रक सोप्या भाषेत असतं आणि स्थानिक भाषेतही मागता येतं, पण ते सारांश आहे. मूळ व्याख्या पुस्तिकेतलीच धरली जाते.

प्रपोजल फॉर्म उघडून आरोग्याचे प्रश्न वाचा. 'रक्तदाब, मधुमेह, दमा आहे का?' या रकान्यांत एजंटनं सरसकट 'नाही' टिकमार्क केलेलं आढळतं. 'साहेब, आता लिहिलं तर प्रीमियम वाढंल' असं सांगून केलेलं असतं. फॉर्म कुणीही भरला तरी खाली सही तुमची असते, आणि महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनी पॉलिसी रद्द करून भरलेला प्रीमियमही जप्त करू शकते. ज्या माहितीनं कंपनीचा विमा द्यायचा की नाही, किती प्रीमियम घ्यायचा हा निर्णय बदलला असता, ती महत्त्वाची माहिती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ धरला.

मुदत: नवी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती पटली नाही तर परत करता येते. त्याला फ्री-लूक म्हणतात. फॉर्ममधली चूक याच ३० दिवसांत सापडली तर लेखी दुरुस्त करून घ्या. नंतर सापडली तरी कळवाच. क्लेमच्या वेळी ती उघडी पडण्यापेक्षा आधी आपण सांगितलेली बरी.

## टप्पा २: 'आधीपासूनचा आजार' मोजून ठेवा

सगळ्यात जास्त पत्रं या शब्दाची येतात, म्हणून इथं जरा थांबू.

आपल्याकडे आधीपासूनचा आजार म्हणजे 'माझा जुना त्रास' एवढाच अर्थ. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत व्याख्या अशी आहे: पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला आजार किंवा दुखापत, अथवा त्याच ३६ महिन्यांत ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला किंवा उपचार दिले असा कोणताही त्रास.

दुसरा भाग लक्षात घ्या. रक्तदाबाचं निदान दहा वर्षांपूर्वी झालं, पण गोळी आजही डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू आहे, तर तो आधीपासूनचाच आजार. उलट, सहा वर्षांपूर्वी हात मोडला, जुळला, नंतर डॉक्टरांकडे गेलाच नाहीत, तर तो या व्याख्येत बसत नाही. तरीही फॉर्ममध्ये 'कधीही शस्त्रक्रिया झाली आहे का?' असा प्रश्न असेल तर त्याचं खरं उत्तर द्यावंच लागतं. प्रश्न वेगळा, व्याख्या वेगळी.

लोक दोन '३६ महिने' एकमेकांत मिसळतात. एक मागं बघायचा: पॉलिसीच्या तारखेपासून मागं ३६ महिने, आजार जुना की नवा हे ठरवायला. दुसरा पुढं बघायचा: जुना आजार फॉर्ममध्ये सांगितला असेल तर पॉलिसीच्या तारखेपासून जास्तीत जास्त ३६ महिने थांबायचं, मग त्याचा खर्च मिळतो. कमी थांबायला लावणाऱ्या पॉलिसी आहेत, जास्त थांबवता येत नाही. आणि हा पुढचा हिशोब सांगितलेल्या आजाराचाच. 'न सांगता तीन वर्षं काढली, आता मिळणारच' हा समज चुकीचा आहे.

घरी एक कागद करा. त्यावर पॉलिसीची पहिली तारीख, विमा रक्कम वाढवली असेल तर ती तारीख, आणि घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक आजाराच्या पहिल्या निदानाची तारीख लिहा. ती तारीख सांगणारा लॅबचा रिपोर्ट किंवा डॉक्टरांची चिठ्ठी त्यालाच टाचून ठेवा.

या कागदाची किंमत मला आमच्या मामांच्या वेळी कळली. पायाची जखम चिघळली म्हणून त्यांना मिरजेत दाखल केलं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी विचारलं, 'शुगर कधीपासून?' मामा तापात होते. म्हणाले, 'असंल की चार-पाच वर्षं.' केसपेपरवर इंग्रजीत, बॉलपेननं, मधुमेह पाच वर्षं अशी एक ओळ पडली. पॉलिसी पावणेतीन वर्षांची होती. त्या एका ओळीवर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरला आणि क्लेम परत आला. खरं तर शुगर पहिल्यांदा सापडली ती सव्वा वर्षापूर्वी, गावच्या तपासणी शिबिरात. तो रिपोर्ट मामींनी गव्हाच्या डब्याजवळ, रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेवला होता. घडीवर शाई उडाली होती, पण तारीख वाचता येत होती. त्या आधीच्या वर्षाचा, शुगर नॉर्मल असलेला एक रिपोर्टही त्याच पिशवीत निघाला. दोन्ही रिपोर्ट आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं खुलाशाचं पत्र जोडून पाठवल्यावर पैसे आले, पण चार महिन्यांनी. मामांनी खोटं सांगितलं नव्हतं, अंदाजानं सांगितलं होतं. केसपेपरवर अंदाजही तारखेसारखाच बसतो.

आणखी दोन तपासण्या: विमा रक्कम ३ लाखांवरून ५ लाख केली असेल तर वाढलेल्या २ लाखांसाठी थांबण्याचा काळ नव्यानं सुरू होतो. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याचं कारण काढून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. याला मोरेटोरियम म्हणतात. त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद, आणि वाढवलेल्या रकमेचे ६० महिने इथंही वेगळे. या दोन्हींसाठी 'सलग' हा शब्द महत्त्वाचा आहे. वार्षिक प्रीमियमला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरलं तर सलगपणा टिकतो, पण मधल्या दिवसांत दाखल झालात तर त्याचा खर्च मिळत नाही.

## टप्पा ३: जवळचं हॉस्पिटल 'हॉस्पिटल' आहे का बघा

पाटी आहे म्हणून हॉस्पिटल होत नाही. व्याख्येला दोन वाटा आहेत. पहिली, लागू कायद्याखाली नोंदणी. महाराष्ट्रात ती १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. दुसरी, किमान निकष पूर्ण करणं: १० लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा (मोठ्या शहरात १५), चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास पात्र डॉक्टर, स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर, आणि रुग्णांची रोजची नोंद जी कंपनीच्या माणसाला बघता येईल.

सांगली, मिरज, सातारा, कराड ही सगळी १० लाखांच्या आतली, त्यामुळे आपल्याला खाटांचा आकडा १०. गल्लीतल्या सहा खाटांच्या दवाखान्यात डॉक्टर कितीही चांगले असले तरी नोंदणी नसेल तर क्लेम अडतो. घरापासून जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांत आत्ताच, कुणी आजारी नसताना जा. नोंदणी प्रमाणपत्र बहुधा काउंटरमागं लावलेलं असतं. क्रमांक आणि वैधतेची तारीख लिहून घ्या. मुदत संपलेलं प्रमाणपत्र हे क्लेम परत येण्याचं फार साधं कारण आहे, आणि दोन मिनिटांत टाळता येतं. कंपनीनं वगळलेल्या हॉस्पिटलांची यादी असते, तीही संकेतस्थळावर बघा.

इथं एक गल्लत होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची संलग्न हॉस्पिटलं, तिचे ठरलेले उपचार आणि दर हे सगळं वेगळं आहे. योजनेत बसणारा उपचार तुमच्या पॉलिसीत बसेलच असं नाही, आणि उलटही.

## टप्पा ४: दाखल होताना 'दाखल' या शब्दाची कसोटी

व्याख्येप्रमाणे हॉस्पिटलमध्ये सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून उपचार झाले पाहिजेत. रात्र काढली म्हणजे झालं, हा गैरसमज. संध्याकाळी ४ वाजता दाखल, दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला घरी, हे होतात १९ तास.

अपवाद डे-केअर उपचारांचा. भूल देऊन, हॉस्पिटलात किंवा डे-केअर केंद्रात, तंत्रज्ञान सुधारल्यामुळं २४ तासांच्या आत होणारा, एरवी ज्याला २४ तासांहून जास्त राहावं लागलं असतं असा उपचार. मोतीबिंदू हे नेहमीचं उदाहरण. पण चार तास सलाईन लावून घरी पाठवलं तर ते डे-केअर नाही. जे उपचार एरवी बाह्यरुग्ण विभागात होतात ते खाटेवर झोपवून केले तरी बाह्यरुग्णच राहतात.

तासांइतकंच कारणही बघितलं जातं. फक्त तपासण्या करायला दाखल झालात तर क्लेम बसत नाही. नाकारण्याच्या पत्रात याला एक्सक्लुजन कोड ०४ असं लिहिलेलं असतं. डोकं दुखतंय म्हणून दोन दिवस ठेवलं, एमआरआय केला, सगळं नॉर्मल निघालं, गोळ्या देऊन पाठवलं, असे क्लेम हमखास अडतात. दाखल करण्याची खरी वैद्यकीय गरज काय होती (उलट्या थांबत नव्हत्या, प्लेटलेट्स झपाट्यानं उतरत होत्या, शिरेतून औषध देणं भाग होतं) हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिलेलं असलं पाहिजे. पॉलिसीतल्या 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' या व्याख्येचं उत्तर तिथंच मिळतं.

दाखल करताना रुग्णासोबत घरातलं एकच, सगळं माहीत असलेलं माणूस बोलू द्या. चार नातेवाईक चार वर्षं सांगतात. टप्पा २ मधला कागद डॉक्टरांसमोर ठेवा. तारीख माहीत नसेल तर 'नक्की सांगता येत नाही' असंच म्हणा.

तपासा: दाखल झाल्याची वेळ आंतररुग्ण कागदावर आहे ना? इमर्जन्सीत काढलेले तास त्यात धरतीलच असं नाही.

सावधान: २४ तास भरावेत म्हणून वेळ बदलून लिहायला डॉक्टरांना सांगू नका. नर्सिंगच्या नोंदी, औषधांच्या बिलावरची वेळ, लॅबची वेळ सगळं जुळवून बघतात. खरा क्लेम त्यात जातो आणि फसवणुकीचा शिक्का वर बसतो.

## टप्पा ५: रूम निवडण्याआधी भागाकार करा

रूमची मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि ८,००० ची रूम घेतली तर दिवसाचे ३,००० आपल्या खिशातून, असं सगळे धरतात. चार दिवसांचे १२,०००. प्रत्यक्षात पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर ५,००० भागिले ८,०००, म्हणजे ६२.५ टक्के, हे प्रमाण रूमशी जोडलेल्या इतर खर्चालाही लागतं.

एक बिल घेऊ. रूम ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून ९६,०००. औषधं ४०,०००. तपासण्या १२,०००. एकूण १,८०,०००. रूमचे मिळणार २०,०००, रूमशी जोडलेल्या ९६,००० च्या खर्चाचे ६०,०००, औषधं आणि तपासण्या पूर्ण. एकूण १,३२,०००. म्हणजे खिशातून ४८,०००, बारा नाही.

आता दुसरी बाजू, जी फार थोड्यांना माहीत असते. रूमशी जोडलेल्या या खर्चाला पॉलिसीत 'संलग्न वैद्यकीय खर्च' म्हणतात, आणि त्या व्याख्येत औषधं, वापरून टाकायचं साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या येत नाहीत. आयसीयूच्या खर्चालाही ही कपात लावता येत नाही. ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलत नाहीत तिथंही ती लागत नाही. कंपनीनं वरच्या पूर्ण १,८०,००० ला ६२.५ टक्के लावले तर हातात १,१२,५०० येतील. ते १९,५०० रुपये तुमचे आहेत, मागून घ्या. मी बघितलेल्या सेटलमेंट पत्रांत ही चूक अनेकदा सापडली आहे. रूमप्रमाणे दर बदलत नसतील तर हॉस्पिटलकडून तसं लेटरहेडवर लिहून घ्या, डिस्चार्जच्या आधीच.

को-पे आणि डिडक्टिबल एका ओळीत: को-पे म्हणजे मान्य रकमेतला ठरलेला टक्का तुमचा, डिडक्टिबल म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, त्यापुढं कंपनीचा.

## टप्पा ६: डिस्चार्जच्या टेबलावर अर्धा तास

घरी जायची घाई असते, पेशंट कंटाळलेला असतो, रिक्षा खाली उभी असते. तरीही डिस्चार्ज समरी वाचल्याशिवाय हलू नका. इंग्रजी येणाऱ्या भाच्याला, सुनेला फोनवर फोटो पाठवा. बघायचं ते एवढंच:

१. दाखल आणि डिस्चार्जची तारीख आणि वेळ.
२. आजाराचा कालावधी. 'किती वर्षांपासून' याचा आकडा तुमच्या कागदाशी जुळतो का?
३. अपघात असेल तर कसा, कुठं, कधी. दारूचा उल्लेख चुकून आला असेल तर लगेच विचारा.
४. नाव आणि वय आधार व पॉलिसीप्रमाणे.

चूक असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच भेटून, पुरावा दाखवून, सही-तारखेसह दुरुस्ती मागा. व्हाइटनर लावलेला कागद आणू नका.

कॅशलेसला, म्हणजे कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते तेव्हा, नियमानं कंपनीनं पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते. तीन तासांच्या पुढं उशीर होऊन हॉस्पिटलनं त्याबद्दल जादा पैसे लावले तर तो भार कंपनीचा. म्हणून विनंती किती वाजता पाठवली हे हॉस्पिटलच्या विमा डेस्ककडून लिहून घ्या.

'वाजवी आणि प्रचलित दर' या व्याख्येवरून बिल कापतात, तेव्हा तुलना त्याच भागातल्या तशाच सेवेच्या दराशी करायची असते. हॉस्पिटलचं दरपत्रक आत्ताच मागून ठेवलंत तर नंतर उत्तर देता येतं.

पुढं त्याच आजारानं परत दाखल व्हावं लागलं तर शेवटच्या सल्ल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत तो 'एकच आजार' धरला जातो. पॉलिसीत आजारावर उपमर्यादा असेल तेव्हा याचा फटका बसतो, म्हणून ती तारीखही जपा.

## टप्पा ७: नाकारल्याचं पत्र आल्यावर

आधी पत्रात कलम शोधा. कंपनीनं कोणत्या अटीवर नाकारलं ते नेमकं लिहिलं पाहिजे, आणि नाकारण्याआधी प्रकरण कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीसमोर जायला हवं. कलम नसेल तर पहिलं पत्र तेच मागायला लिहा.

मग एका कोऱ्या कागदाचे दोन भाग करा. डावीकडं व्याख्येचा एकेक तुकडा, उजवीकडं त्याचा पुरावा. उदाहरणार्थ, डावीकडं 'पॉलिसीआधी ३६ महिन्यांत निदान', उजवीकडं 'पहिला रिपोर्ट अमुक तारखेचा, पॉलिसीनंतरचा'. लोक इथं पानभर दुःख लिहितात: किती वर्षं प्रीमियम भरला, सोनं गहाण ठेवलं, कुणी दाद दिली नाही. ते सगळं खरं असतं, वाचताना मलाही त्रास होतो. पण निर्णय घेणारा माणूस व्याख्येचा तुकडा आणि त्याचा पुरावा शोधत असतो. तो पहिल्या पानावर द्या.

क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी. आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही नोंदवता येतं. एक महिना उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. सांगली-साताऱ्यासाठी कार्यालय पुण्यात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, मर्यादा ५० लाखांची, फी नाही, वकील चालत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीनं ३० दिवसांत पाळायचा असतो.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. सांगलीला आहे, साताऱ्याला आहे, आणि तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, त्यामुळं आधी कुठं जायचं ते ठरवून पाऊल टाका. कागद स्वच्छ असतील आणि मुद्दा एका व्याख्येचा असेल तर मी आधी लोकपाल सुचवतो. साक्षी-पुरावे, डॉक्टरांची उलटतपासणी लागणार असेल तर आयोग.

नकाराचं पत्र पोस्टानं आलं असेल तर पाकीट फाडून टाकू नका. वर्षाची मुदत कधी सुरू झाली ते त्याच्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं. पाकीट पत्रालाच टाचा.